"जनगणनेसाठी आलोय, मावशी"

दुपारी अडीचला मी अंबडला कामावर असताना आईचा फोन आला. "अगं, बँकेचा मेसेज आलाय, एकोणीस हजार कमी झालेत. तो जनगणनेवाला पोरगा आत्ताच गेला."

आई सिडकोत एकटी राहते. पोराच्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "मावशी, घोटभर पाणी द्या ना," म्हणाला आणि घरात आला. आधी आधार मागितलं, मग "नोंद पक्की करायला" एटीएम कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि शेवटी ओटीपी मागितला. आईनं चष्मा लावून सहाही आकडे एकेक करून वाचून दाखवले. जनगणनेला उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे तिला माहीत होतं. नेमका त्याचाच त्यानं फायदा घेतला. म्हणून तिला भोळी म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

गाडी काढायच्याही आधी मी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला. तिसऱ्यांदा लागला. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारला. आई दुसऱ्या फोनवर रडत होती. "आई, नंतर रड, आधी आकडे वाच," असं मी ओरडले, ते अजून टोचतं. तक्रारीचा क्रमांक मिळाल्यावर बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. संध्याकाळी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सायबर पोर्टलवर तक्रार पूर्ण भरली आणि समोरच्या घराच्या कॅमेऱ्यातलं चित्रण घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आठ हजार, पैसे वळवले होते त्या खात्यात अडकवता आले. ते परत मिळवण्यासाठी अजून खेटे चालू आहेत. बाकीचे तोवर काढून झाले होते.

नंतर खऱ्या प्रगणक आल्या, शाळेतल्या बाई. मी जाळीच्या दारातूनच ओळखपत्र मागितलं, त्यावरचं नाव कागदावर उतरवून घेतलं. बाई शांतपणे उन्हात उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं ते घराबद्दल: फरशी कसली, छत कसलं, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कशावर, जास्त कोणतं धान्य खाता. "बाजरी... नाही, आता गहूच," आई म्हणाली. त्या पोरानं यातलं एकही विचारलं नव्हतं!

बाईंनी मोबाइल नंबर लिहून घेतला, तेव्हा आई दचकली. त्या म्हणाल्या, "आजी, नंबर आम्ही घेतो, पण ओटीपी, कार्ड, बँकखातं यातलं काही मागत नाही. जनगणनेच्या पोर्टलवर स्वतः माहिती भरलीत तर ओटीपी येतो, पण तो तुम्हीच टाकायचा, दारावरच्या माणसाला सांगायचा नाही." १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ही माहिती गोपनीय राहते, हेही त्यांनी सांगितलं.

त्या निघाल्या तेव्हा आई उठली, जाळीचं दार उघडलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.