साल कुठलं म्हणायचं?

आमच्या सोलापुरात सालं लक्षात राहतात ती पाण्यावरून. 72 चा दुष्काळ, 2014 ची गारपीट, अमक्याचं लग्न टँकर चालू होते त्या साली, असं. त्यामुळे शिकागोला भाच्याकडे गेलो आणि तो एका स्टेकहाऊसमध्ये (भाजलेल्या मांसाच्या जाड तुकड्यांचं हॉटेल) घेऊन गेला तेव्हा वाइनच्या यादीत प्रत्येक नावापुढे साल लिहिलेलं बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, किंमत बघेपर्यंत.

साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल. भाचा सांगत होता, फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या वाइनची 2005, 2009, 2010, 2016 ही सगळी गाजलेली. म्हटलं, 72 बघ की. त्याने मोबाईलवर बघितलं, ते साल तिकडेही वाईटच, पण कारण उलटं, थंडीने द्राक्षं धड पिकलीच नव्हती! आणि 2005 भारी का, तर पाऊस कमी. मणी बारीक राहिले, रस कमी आणि साल जाड (ही दुसरी साल, फळाची), आणि रेड वाइनचा रंग नि तुरटपणा येतो तो सालीतनंच. म्हणजे आमच्याकडे ज्या साली तहसीलदार पंचनाम्याला येतो त्या साली ह्यांच्याकडे बाटलीचा भाव चढतो.

वेटरने आधी वाइन ओतली. कॅबरने, म्हणजे तुरट, दमदार रेड, घोट घेतला आणि तोंड असं धरलं, जांभळं खाऊन जीभ टाळ्याला चिकटते ना, तसं. मी भाच्याकडे बघितलं, तो म्हणाला, मामा थांब, आधी खा. रिबआय आली, म्हणजे बरगडीकडचा चरबीदार स्टेक, कडेला चरबीची पट्टी, वर नुसतं मीठ नि मिरपूड, बास. एक तुकडा चावला, चरबी तोंडभर पसरली, मग तोच घोट परत घेतला तर तुरटपणा गेला कुठे कळेना, वाइन गोडसर लागायला लागली. सालीतला तो तुरट पदार्थ, टॅनिन, तोंडातल्या लाळेला पकडतो म्हणून कोरडं पडतं म्हणे, आणि मांस नि चरबी मध्ये आली की त्याचा जोर ओसरतो. भाच्याने फिले घेतलेली, म्हणजे पाठीकडचा मऊ तुकडा, त्यात चरबी जवळपास नाहीच, म्हणून त्याच्यासोबत पिनो न्वार, ही हलकी रेड. फिलेच्या मऊ मांसावर माझी कॅबरने म्हणजे भजनात हलगी.

येताना त्याने एक बाटली दिली, 2014 ची बोर्डो. सोलापुरात मे महिन्यात उघडली. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात, पण ती रूम 16-18 डिग्रीची असावी, आमची 43 ला. अर्धा तास फ्रीजला लावली. पहिली चूक म्हणजे मटणाचा रस्सा. काळं तिखट, त्यावर तर्री, त्यावर वाइन, सगळं मिळून जाळ! तिखटावर तुरटपणा नि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. मग बायकोने मटणाचे चाप तव्यावर मीठ-मिरी लावून परतले, तेव्हा कुठे जमलं. (शेंगा चटणीसोबतही बरी लागली, पण हे भाच्याला सांगितलं नाही.)

आमचे नान्नजचे मामा आले होते, द्राक्षबागायतदार. चष्मा वर करून लेबल वाचलं आणि थांबलेच.

"2014? आरं त्या साली गारांनी बागंत पान ठेवलं न्हाई. घड सगळे खाली."

म्हटलं, मामा, ही फ्रान्सची. तिकडे उन्हाळा गारठ्यात गेला, सगळे हात टेकून बसलेले, पण सप्टेंबरात कोरडं ऊन पडलं आणि साल वाचलं.

"तोडणीच्या टायमाला ऊन लागलं म्हण की. मग जमतंय. आन ठिबक?"

"ठिबक नाही. तिकडे वाइनच्या बागेला पाणी द्यायला सहसा परवानगीच नसते."

मामांनी ग्लास खाली ठेवला. "परवानगी? पाणी असून देत न्हाईत?"

ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी अजून एक चाप वाढला. मामा बराच वेळ बाटलीकडेच बघत होते, मग म्हणाले, अकलूजकडं पण वाइनचीच द्राक्षं लावल्यात की, त्यांचं 2014 कसं निघालं ते एकदा बघाय पायजे.

उरलेली वाइन त्यांनीच संपवली.