ध्यानाने प्रेम आटते का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘इतकी वर्षे ध्यान करता, तर घरच्या माणसांवरचे प्रेम कमी होत नाही का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चित्त शांत झाले की माणूस अलिप्त होतो आणि अलिप्त माणूस कोणाचाच उरत नाही, अशी भीती त्यामागे असते. ती निराधार नाही. साधनेच्या सुरुवातीच्या काळात जवळचे माणूस समोर रडत असतानाही मी स्वस्थ बसून राही आणि त्या स्वस्थपणालाच समता समजत असे.

माझा तो गैरसमज पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाने दूर केला. मैत्री (म्हणजे सर्वांचे भले चिंतणे), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे) आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीला एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू असतो, असे ते सांगतात. द्वेष हा मैत्रीचा दूरचा शत्रू, म्हणून तो चटकन ओळखू येतो. आसक्ती मात्र मैत्रीसारखीच दिसते, म्हणून ती जवळची आणि अधिक फसवी. उपेक्षेचा, म्हणजे सर्वांकडे समभावाने पाहण्याचा, जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून येणारी बेफिकिरी. मराठीत आज ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. त्या जवळच्या शत्रूने आपल्या भाषेत तो शब्दच बळकावला आहे. माझ्या बाबतीतही नेमके तेच घडले होते.

ध्यान पश्चिमेकडे गेले तेव्हा हाच प्रश्न तिथे वेगळ्या रूपाने उभा राहिला. 1893 साली विवेकानंद शिकागोला बोलले आणि 1968 मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींकडे ऋषिकेशला आले. या घटना सर्वांना ठाऊक आहेत. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 1979 हे वर्ष. त्या वर्षी जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून सर्वत्र पसरला. त्याने असंख्य लोकांना खरा दिलासा दिला, हे मी आदराने मान्य करते. परंतु त्यानंतर ध्यान म्हणजे ताण घालवण्याचे साधन, असाच समज रुजत गेला.

मैत्रीची बाजू तिकडे पोहोचली ती मुख्यतः भारतात येऊन शिकलेल्या तरुणांमुळे. विपश्यना ध्यानाचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात मैत्रीभावना अगदी शेवटी, दहाव्या दिवशी शिकवली जाते. त्यांच्याकडे बोधगयेला शिकलेल्या शॅरन साल्झबर्ग यांनी अमेरिकेत तीच साधना आपल्या शिकवण्याच्या केंद्रस्थानी आणली. 1990 साली धर्मशाळेतील एका परिषदेत त्यांनी दलाई लामांना आत्मद्वेषाबद्दल विचारले, तेव्हा स्वतःचाच द्वेष करणे म्हणजे काय, हे दलाई लामांना कळेना. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून ते समजून घेतले. मैत्रीची भावना परंपरेनेही स्वतःपासूनच सुरू होते. पण ती केवळ यासाठी की जसे मला सुख हवे तसेच दुसऱ्यालाही हवे, हे मनाला पटावे. पश्चिमेत ही पहिली पायरीच औषध ठरली. मला यात विपर्यास दिसत नाही, कारण ज्याला स्वतःचे भले चिंतता येत नाही, त्याला दुसऱ्याचे भले चिंतायला सांगून काय उपयोग? मात्र त्या पायरीवरच मुक्काम करणे मला पटत नाही.

पुढच्या पायऱ्यांबद्दल बुद्धघोष फार व्यवहारी आहेत. प्रथम आदरणीय व्यक्ती, नंतर जिवलग, मग जिच्याशी प्रेमाचा वा वैराचा काहीच संबंध नाही अशी व्यक्ती, आणि अखेर वैरी. अत्यंत प्रिय माणसापासून आरंभ करू नये, असे ते बजावतात, कारण त्याला जरासा त्रास झाला तरी साधकाला रडूच येते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, घरच्यांवरचे प्रेम कमी झाले नाही. त्यांनी माझ्या मनासारखे वागावे, हा हट्ट बराच कमी झाला. आता समोर कोणी रडत असेल, तर मी डोळे उघडते आणि त्याच्याजवळ जाऊन बसते. वैऱ्याच्या पायरीवर मात्र मी आजही अडखळते, आणि रोजच्या बैठकीतला सर्वाधिक वेळ मी तिलाच देते.