माझ्याच लेखांसाठी ना-हरकत पत्र : माझा अनुभव

वर्तमानपत्रात नोकरी करताना मी वर्षानुवर्षं एक साप्ताहिक सदर लिहिलं. पुढे वृत्तवाहिनीवर अँकर झाले, चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला आणि एका प्रकाशकानं त्या सदराचं पुस्तक करू या म्हणून विचारलं. लेखांची निवड, कात्रणांवरून टायपिंग, प्रूफं सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती एका कागदापाशी: जुन्या वर्तमानपत्राचं ना-हरकत पत्र.

प्रकाशकाचं काही चुकत नव्हतं. मजकुरावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, अशी हमी करारनाम्यात लेखकालाच द्यावी लागते. मी जुन्या ऑफिसला मेल केला. संपादकीय विभागानं तो एचआरकडे ढकलला, एचआरनं लीगलकडे, आणि लीगलनं मला एक छापील अर्ज पाठवला. पेपरातला मजकूर दुसरीकडे छापू पाहणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी तो अर्ज होता. त्यात एक रकाना: ‘मूळ लेखकाचे संमतिपत्र जोडावे.’ मूळ लेखिका मीच आहे, असं फोनवर सांगितलं. उत्तर आलं, ‘रकाना रिकामा असला तर अर्ज पुढे जात नाही, मॅडम.’ मग मी स्वतःलाच संमती देणारं पत्र लिहिलं, सही केली आणि जोडलं. त्यानंतर दर वेळी एकच ओळ यायची: ‘आपली विनंती विचाराधीन आहे.’ मधेच तिथला माणूस बदलला आणि नव्या माणसानं अर्ज पुन्हा भरायला लावला. पुस्तकाचा ठरलेला मुहूर्त हुकला. छपाईची वेळ राखून ठेवलेल्या प्रकाशकाला तोंड दाखवायचीही मला लाज वाटत होती.

माझी चीड अजून शमलेली नाही, कारण कायदा स्वच्छ माझ्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना त्यासाठी लिहिलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क असतो, पण तो वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरताच. बाकी सगळे हक्क, म्हणजे पुस्तकाचाही, लेखकाचे. अट एकच: करारात याच्या उलट काही लिहिलेलं नसावं. लीगलमध्ये बसणाऱ्याला हे मी सांगायला लागू नये.

माझ्या नियुक्तिपत्रात तसं कलम नव्हतं. नियुक्तिपत्राची प्रत आणि कायद्यातलं ते वाक्य जोडून मी दुसरं पत्र पाठवलं. त्यात परवानगी मागितली नाही. ‘पुस्तक काढत आहे, लेखांच्या प्रथम प्रसिद्धीचा उल्लेख तुमच्या नावासह करीन,’ एवढंच कळवलं. मग मात्र दोन ओळींचं उत्तर लगेच आलं: हरकत नाही. तो मेल प्रकाशकाला पाठवताना खरंच हायसं वाटलं.

म्हणून नोकरी सोडण्याआधी नियुक्तिपत्र आणि नंतर सह्या केलेले सगळे कागद स्वतःजवळ ठेवा. नोकरीत नसताना, मानधनावर लिहिलेल्या लेखांवर तर मुळात हक्क तुमचाच असतो. तो लेखी करारानं दिला असेल तरच जातो.

वाहिनीचं मात्र असं नाही, आणि इथे अँकर मंडळींनी सावध राहायला हवं. पगारी नोकरीत लिहिलेल्या स्क्रिप्टला वर्तमानपत्राची ही सवलत लागू नाही. वेगळा करार नसेल तर पहिला मालक वाहिनीच. मी घेतलेल्या मुलाखतींचं शब्दांकन पुस्तकात घ्यायची माझी फार इच्छा होती. तो भाग मी बाजूला काढला, कारण पुन्हा त्याच रांगेत उभं राहायची ताकद उरली नव्हती.

प्रकाशकाच्या करारातही मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ऑडिओबुकचा हक्क मी स्वतःकडेच ठेवला. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेल्या माणसानं तो सहजासहजी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, लेखांसोबतचे फोटो. पेपरच्या नोकरीतल्या फोटोग्राफरलाही तेच कलम लागू होतं, म्हणजे पुस्तकासाठी विचारायचं ते त्यांना. एजन्सीचा फोटो असेल तर एजन्सीला. आमच्या फोटोग्राफर सहकाऱ्यानं फोनवर हो म्हटलं, तरी मी ते मेलवर लिहून घेतलं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव कसं छापायचं तेही त्यालाच विचारलं.