किलवर सत्ती कोणी दाबून ठेवली?

मुलांची बुद्धी वाढवण्याची हमी देणारी खेळणी हल्ली चकचकीत डब्यांतून येतात आणि कोणत्या वयात कोणते कौशल्य येईल, हेही डब्यावर छापलेले असते. पत्त्यांच्या कॅटवर तसे काही नसते, म्हणून की काय, त्याची गणना अजून उनाड उद्योगांत होते. माझे मत कॅटच्या बाजूने आहे, पण सगळ्याच डावांच्या बाजूने नाही. भिकार-सावकार कितीही वेळ खेळला तरी डोक्याला काम पडत नाही, कारण वरचे पान उलटण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काहीच नसते. दोन पानांतून एक निवडावे लागते, तेव्हा विचार सुरू होतो.

बदाम सातमध्ये ही वेळ लवकर येते. बदाम सत्ती पडली की पुढच्याने बदामाची छक्की, अठ्ठी किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती लावायची, आणि लागणारे पान हातात असताना ‘पास’ म्हणायचे नाही. लहान मूल सुरुवातीला जे बसेल ते पान उत्साहाने लावून मोकळे होते. मग केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की आपल्याकडे किलवर सत्ती आहे, पण किलवरचे दुसरे एकही पान नाही; म्हणजे ती जितकी उशिरा खाली जाईल तितकी इतरांची पंचाईत, मात्र तोवर लावायला दुसरे पान हवे. याउलट इस्पिकचा एक्का आणि राजा हातात असतील, तर इस्पिक सत्ती दाबणे म्हणजे स्वतःचीच वाट अडवणे. हे सारे मुलाला आपले आपण उमगते, फक्त मोठ्यांनी ‘अरे, ते नको टाकूस’ म्हणायचा मोह आवरला पाहिजे. तो आवरणे मला अजूनही जड जाते. डाव संपल्यावर ‘सत्ती का धरून ठेवलीस?’ असे जरूर विचारावे, पण परीक्षकाच्या नव्हे, हरलेल्या गड्याच्या कुतूहलाने.

चिंचोक्यांवर खेळायच्या पटात दोनचे दान इतके वारंवार का पडते, हा प्रश्नही असाच खेळता खेळता निघतो. अर्धे फोडलेले चारही चिंचोके समतोल मानले, तर सोळा शक्यतांपैकी सहांत दोन पांढऱ्या बाजू वर येऊन दोन पडतात. चार (सगळे पांढरे) आणि आठ (सगळे काळे) प्रत्येकी एकाच शक्यतेत.

नाव-गाव-फळ-फूल मात्र दुसऱ्याच्या मनात शिरायला लावते. एकट्यानेच लिहिलेल्या उत्तराला दहा आणि दोघांचे जुळले तर पाच गुण असल्यामुळे, ‘प’ आल्यावर सगळे पुणे लिहिणार हे ओळखून पैठण लिहिणारे मूल भूगोलाहून बरेच काही अधिक करत असते. शिवाय नियमांवरून भांडणे होतात, आणि ती मी मिटवत नाही. मुलांच्या गोट्यांच्या खेळातले नियम अभ्यासून स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली लिहिले होते की, सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो, ही समज मुलांना वाढत्या वयात येते. आमच्याकडे सध्या वाद पेरूचा आहे. फळाच्या रकान्यात तो निर्विवाद बसतो, पण दक्षिण अमेरिकेत त्याच नावाचा देश असल्याने तो गावाच्याही रकान्यात लिहून दोन्हीकडचे दहा-दहा मागणे चालेल का, यावर दोन्ही पक्षांचे युक्तिवाद चालू आहेत आणि डाव थांबला आहे.