काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या ताफ्यानं कुठंही अंतराळाचं जॅझ वाजवलं की कार्यक्रमानंतर एक प्रश्न हमखास येतो: "अंतराळात हवाच नाही, तर आवाज कुठला? मग याला अंतराळाचं जॅझ कशावरून म्हणता?" विचारणारी बहुतेक वेळा कॉलेजची मुलं असतात, कधी एखाद्या शाळेतले विज्ञानाचे सर. प्रश्न अगदी रास्त आहे. आवाजाला माध्यम लागतं, आणि ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत आपल्या कानाला ऐकू यावं असं काही नसतं. त्यामुळं सिंथवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यावर, लांबलचक सूंऽऽ काढून त्याला भरपूर एको लावला की झालं अंतराळ, असं जे संगीत असतं ते मलाही पटत नाही.

तिथून आवाज येत नाही. ठोके येतात.

१९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक बारीकशी खूण दिसली. नीट तपासल्यावर कळलं, की दर १.३४ सेकंदाला एक ठोका पडतोय. हा पहिला पल्सार. मोठा तारा संपल्यावर त्याचा जो अतिघन गाभा उरतो, तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि त्याच्या रेडिओ लहरींचा झोत पृथ्वीवरून गेला की एकेक ठोका नोंदला जातो. मिनिटाला साधारण ४५. आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, तिथंही पल्सारचा अभ्यास चालतो. दुर्बिणीत येतात त्या रेडिओ लहरीच. पण त्या ठोक्यांच्या वेळा घेऊन स्पीकरला नेमक्या त्याच वेळी टिचकी द्यायला लावली, की तारा किती वेगानं फिरतोय ते कानाला कळतं.

खरी गंमत पुढं आहे. पहिल्या ताऱ्याचा ठोका विलंबित लयीतला, सावकाश. वेला नावाच्या पल्सारचे सेकंदाला ११. बोटांनी मोजता येत नाहीत, पण एकेक टिचकी अजून सुटी ऐकू येते. क्रॅब नेब्युला या तेजोमेघातला पल्सार सेकंदाला ३० वेळा फिरतो, आणि इथं कान मोजणं सोडून देतो. टिचक्या विरघळतात, खाली जाड घरघर उरते. आणि १९८२ साली सापडलेला एक तारा सेकंदाला सुमारे ६४२ वेळा फिरतो. त्याला ठोका म्हणताच येत नाही. तो सरळ सूर आहे. लय वाढत वाढत गेली की तिचा स्वर होतो, हे मी वाचून जाणत होते. ताऱ्यांवरून ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

मी पेटी पुढ्यात ओढली आणि तो सूर शोधायला बसले. वरच्या सप्तकातली काळी दोन धरली, तर तारा चढा. पांढरी तीन धरली, तर उतरा. काळी दोनची कंपनं सेकंदाला ६२२, पांढरी तीनची ६५९, आणि हा बाबा ६४२ वर, दोघींच्या जवळजवळ मधोमध. पेटीवर त्याला पट्टीच नाही. लहानपणापासून भजनात जिच्यावर साथ केली, त्या पेटीत तो बसत नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. माणसानं ठरवलेल्या बारा पट्ट्यांचं त्या ताऱ्याला काय? सिंथवर एक खुंटी हळूहळू फिरवली, की मात्र तो बरोब्बर सापडतो. "आपली वाद्यं सोडून यंत्रं कशाला?" याचंही माझं उत्तर हेच.

ही वाट माझी नाही. ती पाडणारा जॅझ पियानोवादक सन रा. जन्म १९१४, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. त्या गावात काळ्या माणसाला शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी. हा माणूस म्हणाला, मी शनीवरून आलोय, आणि १९९३ साली जाईपर्यंत त्यानं ते म्हणणं सोडलं नाही. लोक याला नाटक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला राहत्या गावात सरळ माणूस म्हणून जागा नाही, त्यानं आपला पत्ता दुसऱ्या ग्रहावरचा सांगावा यात केवढं दुःख आणि केवढा ताठ कणा आहे! इलेक्ट्रिक पियानो त्यानं १९५०च्या दशकातच जॅझमध्ये वाजवला, आणि मिनीमूग हा सिंथ बाजारात येण्याआधीच त्याचा नमुना त्याच्या हाती होता. त्याच्या ताफ्यातले सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलन १९२४ सालचे. एकट्याच्या नावाचा त्यांचा पहिला अल्बम शंभरी ओलांडल्यावर, २०२५ साली आला.

दुसरा आधार जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा. १९६७च्या फेब्रुवारीत तो आणि ड्रमवादक रशीद अली, दोघंच स्टुडिओत बसले. मंगळ, शुक्र, गुरू, शनी अशी तुकड्यांची नावं. कोल्ट्रेन आधी घुंगरांसारख्या घंटा हलवतो, मग सॅक्सोफोन उचलतो. खाली धरायला ठेका नाही, परतायला सम नाही. जुलैत तो गेला, वय अवघं ४०. ध्वनिमुद्रण बाहेर आलं १९७४ मध्ये. ज्यांना ऐकायचंय त्यांनी शुक्रापासून सुरुवात करावी, मंगळ एकदम झेपत नाही.

आमचा सराव शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत होतो. सॅक्सोफोनवाला लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, घरी तेलुगू बोलतो, मागांच्या खडखडाटातच वाढलेला आहे. शेजारच्या दोन मागांपैकी एक किंचित जलद चालतो. कान देऊन ऐकलं तर दोन्ही धोट्यांचे आवाज आधी सुटे पडतात, मग जवळ येतात, एका क्षणी एकच ठोका होतो, आणि पुन्हा फाटत जातात. हे त्यानं मला दाखवलं. तेव्हापासून आम्ही ठोके वाजवणाऱ्या मशीनवर पहिल्या पल्सारचा ठोका लावतो आणि हलगीवाला आपली हलगी शेकून घेऊन त्याला न जुळणारा स्वतःचा ठेका धरतो. दोन्ही जिथं आपसूक भेटतात ती आमची सम. ती आधी मोजून ठेवत नाही. वर सॅक्सोफोनवाला पांढरी तीनचा सूर लावतो आणि ओठ सैल सोडत तो ६४२ पर्यंत उतरवतो. मी सिंथवर तोच सूर धरून थांबलेली असते. दोन सूर जवळ येताना थरथर ऐकू येते, ती मंदावत जाते, आणि तो पोचला की थांबते.

परवा एका सरांनी पुढचं विचारलं: "सम ठरलेली नाही, सूर पट्टीत नाही, मग चुकलं हे कळतं कसं?" कळतं, सर. मशीनचा ठोका कधी चुकत नाही, त्यामुळं त्याच्या मागं जायचा मोह फार होतो. हलगीवाला नकळत त्याच्याच लयीत आला, की दोन चक्रांची एक होते आणि भेटायला कुणी उरत नाही. आम्ही तिथंच हात थांबवतो आणि पुन्हा सुरुवात करतो.