बीडची स्विफ्ट

गॅरेजवर चहाला टेकलेला दर तिसरा माणूस विचारतो, "काका, पोरांना विदेशी गाड्या घेऊन त्यांची पॉवर फुगवायचं एवढं येड कामून? आपली देशी गाडी काय वाईट आहे?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी देशी कुठली नि विदेशी कुठली, ते ठरवा. स्कोडाची ऑक्टाव्हिया नावानं परकी, पण २००१ पासून जुळायला लागली ती आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात. खऱ्या बाहेरून आलेल्या गाड्यांना शुल्क धरून जवळपास दुप्पट पैसे पडतात, त्यामुळे सुप्रा, स्कायलाइन असल्या जपानी स्पोर्ट्स गाड्या पोरांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवरच. २०१० साली आपल्या शहरात एका दमात दीडशे मर्सिडीज आल्या, गावभर चर्चा झाली. त्यातली एकही माझ्या दारात "पॉवर वाढवा" म्हणत आली नाही. दीडशेजणांना चार चाकांवर बसायचं होतं, बोनेट उघडायचं नव्हतं.

अमेरिकेतल्या पोरांनी नव्वदीत त्यांची देशी मस्टँग सोडून होंडा सिव्हिक धरली, ती काही जपानच्या प्रेमापोटी नव्हे. सेकंडहँड स्वस्त, वजनाला हलकी, आणि होंडाच्याच इंटिग्रा गाडीचं जोरकस इंजिन तिच्यात बसायचं. खिशाला झेपेल ती गाडी आणि हाताला लागेल तो पार्ट, एवढंच.

आपल्याकडे ती जागा डिझेल स्विफ्टची. तिचं इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट, मूळ फियाटचं. तेच टाटांनी लावलं, तेच मारुतीनं. डोकं इटलीचं, अंगावरचा पत्रा जपानी घराण्याचा, जुळणी हरियाणातली, पासिंग एमएच-२३, म्हणजे बीडचं. सांगा, देशी की विदेशी?

तसलीच एक मे महिन्यात बीडहून आली. तिसऱ्या हाताची. पोरगा कोन फिल्टर, म्हणजे हवेचा शंकूसारखा उघडा फिल्टर, लावून आला होता, आवाज भारी येतो म्हणून. मी पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिल्टरच्या मागच्या पाइपात फिरवलं, तर बाहेर आलं मातकट. शेतरस्त्याची धूळ थेट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर! त्यात फिल्टर इंजिनाच्या कुशीत उघडा, म्हणजे गाडी ओढणार बेचाळीस डिग्रीत आणखी तापलेली हवा. गरम हवा विरळ, पॉवर उलट कमीच. फिल्टरचा मूळ बंद डबा परत बसवला तेव्हा पोराचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "मग रीमॅप तरी करा." म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची. करतात लोक. जोर वाढतो, पण क्लच तोच जुना, आणि चढावर तो घसरायला लागला की जळका वास मागच्या सीटपर्यंत येतो. आधी क्लच बघू म्हटलं. सायलेन्सर कापायला मात्र मी हात लावत नाही. २०१९ला सुप्रीम कोर्टानं मूळ बनावट बदलायला मनाई केलीय, आणि आरटीओ माझ्या गल्लीतूनच जातात.

माझी स्वतःची? आहे एक परदेशी, नाव घेत नाही. ताडपत्रीखाली, एका सेन्सरसाठी अडलेली. जालन्याला जायचं तर बायकोची वॅगन आर मागून घेतो.