500 प्रती आणि एक फुकट फाइल

आमच्या प्रकाशनाचं पहिलं गोदाम म्हणजे पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतला दिवाण. 2011 साली पहिला विज्ञानकथासंग्रह काढला. लेखक सोलापूरकडचा तरुण इंजिनिअर. 500 प्रती. दुकानदाराला 40 टक्के, लेखकाला 10 टक्के, कागद-छपाई-बांधणीचे पैसे तर आधीच गेलेले. दोन वर्षांत 140 प्रती खपल्या. उरलेल्या गठ्ठ्यांना कसर लागू नये म्हणून आई दिवाणात डांबरगोळ्या टाकायची. आमच्या परग्रहवासीयांना बराच काळ तोच वास होता.

विज्ञानकथेचं नाव काढलं की दुकानदार विचारायचे, "नारळीकरांचं आहे का?" 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं. त्यांना नाव लपवावं लागलं. आमच्या लेखकाकडे लपवायला नावच नव्हतं. शिवाय स्पर्धेतली कथा परीक्षकांना वाचावीच लागते. आमची वाचायला कुणी बांधील नव्हतं.

2014 मध्ये लेखकच म्हणाला, पुस्तकाची फाइल नेटवर फुकट देऊन टाकू. माझे वडील, अण्णा, हादरले. त्यांची 40 वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेली. "फुकट ते पौष्टिक हे ठीक आहे रे, पण पोट भरल्यावर विकत कोण घेईल?"

लेखकाकडे अमेरिकेतले दाखले तयार होते. बेन बुक्स या विज्ञानकथा-प्रकाशनानं 1999 मध्ये लेखक एरिक फ्लिंट यांच्या पुढाकारानं 'फ्री लायब्ररी' उघडली: मालिकेतलं जुनं पुस्तक फुकट वाचायचं, गोडी लागली की पुढची विकत घ्यायची. 2003 साली कोरी डॉक्टरो या विज्ञानकथाकारानं पहिली कादंबरी दुकानात आली त्याच दिवशी नेटवर मोफत ठेवली. अँडी वीअरनं तर मंगळावरची कादंबरी आधी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकटच टाकली होती. पुढे वाचकांच्या आग्रहावरून किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात आणली, तिथं फुकट ठेवता येईना म्हणून 99 सेंट किंमत लावली. छापील पुस्तक 2014 मध्ये, त्याच्याही नंतर.

मी हो म्हटलं. पण फाइल देणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे तेव्हा कळलं. मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. कुठल्याही फोनवर दिसावा म्हणून युनिकोडमध्ये आणला तर रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली आणि सगळीकडे 'दुसर्‍या'ऐवजी 'दुसर्या' झालेलं. अण्णांनी भिंग घेऊन महिनाभर 184 पानं पुन्हा तपासली. विरोध होता तो होताच, पण चुकीचा रफार त्यांना बघवेना.

पुढच्या दोन वर्षांत 190 प्रती गेल्या. मागणीची पत्रं जळगाव, बेळगाव, चंद्रपूर अशा ठिकाणांहून, जिथं आमचं पुस्तक एकाही दुकानात नव्हतं. परदेशातून कौतुक खूप आलं, पण पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त, त्यामुळे ते कौतुक फाइलपुरतंच राहिलं.

मग हुरळून मी घोडचूक केली. त्याच लेखकाची नवी कादंबरी छापली आणि त्याच दिवशी फाइलही फुकट सोडली. आता त्याला वाचक होते. त्यांनी दोन रात्रींत फोनवर वाचून संपवली, छान छान म्हणून कळवलं आणि पुस्तक गोदामात पडून राहिलं. (गोदाम म्हणजे तोपर्यंत माळाही.) अण्णा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे अनोळखी लेखकाचं पहिलं पुस्तक फुकट आणि दुसरं फक्त छापील. फुकट फाइलवर लेखकाला टक्केवारी मिळणार कुठून, म्हणून ठोक मानधन देतो आणि करारात तसं लिहून घेतो.

60 रुपयांचं ई-पुस्तकही करून पाहिलं. एक जण घेतो आणि संध्याकाळी ते घरच्या ग्रुपवर असतं. त्यावर जीएसटीही आहे, छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के, नसेल तर 18. छापील पुस्तकाला शून्य. पण म्हणूनच कागद-छपाईवर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही.

सगळ्यात नेमानं खपतात ते एच. जी. वेल्स या इंग्रज विज्ञानकथाकाराचे अनुवाद. ते 1946 मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2007 पासून ते मोकळे. मूळ इंग्रजी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतं. आमचा मराठी अनुवाद मात्र वाचनालयं विकत घेतात, कारण त्यांना कपाटात ठेवायला, दाखल नोंदवहीत चढवायला पुस्तक लागतं.

डिसेंबर 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनात, नारळीकर अध्यक्ष होते त्या वर्षी, आम्ही अर्धा गाळा घेतला होता. एक शिक्षिका आल्या आणि फोनवर आमचीच फुकट फाइल दाखवून म्हणाल्या, "यातल्या दोन कथा मी मुलांना वाचून दाखवल्या. आता त्यांना स्वतः वाचायच्यात, वर्गात फोन चालत नाही. 12 प्रती द्या, बिल शाळेच्या नावानं."

गाळ्यावर 9 होत्या. मी घरी फोन केला. अण्णांनी दिवाणातल्या शेवटच्या 3 काढून दुसऱ्या दिवशी एसटीनं पाठवल्या. बाईंनी एक उघडली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हा कसला वास?"